अकराव्या वहीतली चूक

प्रिय पप्पा,

परवा तुम्हाला जाऊन वर्ष झालं, चर्चमध्ये तुमची वर्षाची मिस्सा झाली आणि घरी आल्याबरोबर नेल्सनने बेसमेंट रिकामं करायला घेतलं. घर विकायचंय. तुमच्या बारा वह्या त्याने रद्दीच्या ब्लू बिनमध्ये टाकल्या होत्या, फ्लायर्स आणि पिझ्झाच्या खोक्यांबरोबर. मी त्या बाहेर काढल्या. आम्हा भावाबहिणीत जोरदार भांडण झालं, ते आधीच सांगून टाकते.

"लीना, रशियन सायन्स फिक्शनचा इतिहास, तोही मराठीत, तोही इथे कॅनडात, केंब्रिजमध्ये बसून लिहिलेला. हू विल रीड इट?" तो म्हणाला.

मी वह्या उचलून गाडीत ठेवल्या.

वसईत असताना तुम्ही रशियन का शिकलात? तर मराठीत वाचलेल्या एका गोष्टीचा पुढचा भाग अनुवादात आलाच नाही म्हणून. एवढ्यासाठी कोणी भाषा शिकतं का हो, पप्पा? मम्मी म्हणायची, हट्टीपणात तुमचा हात कोणी धरणार नाही.

मराठी मिस्सेला टोरांटोला जाताना ४०१ हायवेवर ट्रॅफिक लागला की तुमचं सुरू व्हायचं. क्रांतीनंतर रशियातले लेखक गोष्टींतून थेट मंगळावर कसे गेले. मग वरून फर्मान कसं आलं, की फार लांबची स्वप्नं नकोत, उद्याच्या यंत्रांबद्दलच लिहा. एका कादंबरीवर मायदेशातच बंदी, ती आधी परदेशात छापली गेली. लोक कार्बन लावून गोष्टी टाइप करायचे आणि गुपचूप वाटायचे. आम्ही मागे बसून "आर वी देअर येट" करायचो. आज त्याची लाज वाटते.

अकरावी वही तुमच्या सगळ्यात लाडक्या गोष्टीवर आहे. परग्रहावर अडकलेली माणसं, आणि शेवटी पृथ्वीवरून येणारं यान. रशियन विज्ञानकथेचा माणसावर केवढा विश्वास, असं तुम्ही पानंच्या पानं लिहिलंय. मग फॅक्टरीतले तुमचे दोस्त युरीकाका रशियातल्या सुट्टीवरून येताना त्याच गोष्टीची नवी प्रत घेऊन आले. तिच्यात यान येतच नाही. लेखकाचा खरा शेवट तोच होता. यान सेन्सॉरने आणवलं होतं, आणि आपल्याकडे त्यांच्या सरकारी छापखान्यातून आलेली प्रत त्या खोट्या शेवटाचीच होती.

त्या दिवसापासून तुम्ही पेन हातात धरलं नाही. बाराव्या वहीत आधीच लिहून ठेवलेलं नुसतं एक शीर्षक आहे: 'जादू परत आली'. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिथे चेटकिणी आणि जादूगारांच्या कादंबऱ्यांचं जे पेव फुटलं, ते तुम्हाला लिहायचं होतं ना? कोणी विचारलं की "झालं ते झालं" म्हणायचात. मला राग आहे तुमचा. इतक्या थंडीत पहाटेच्या शिफ्टला न चुकता जाणारा माणूस, आणि एका चुकीसाठी सगळं काम बेसमेंटमध्ये टाकून दिलंत?

काल युरीकाकांकडे गेले. चहा घेता घेता ते म्हणाले, "तुझे पप्पा उगाच लाजले. बारा वर्षांचा असताना मीसुद्धा ते यान आल्यावर रडलो होतो. माझ्या वर्गातली सगळी मुलं रडली होती. खोटा शेवट आम्हीही खरा मानला. हीसुद्धा हिस्टरीच आहे, लीना."

हे त्यांनी तुम्हाला का नाही सांगितलं, असं मी विचारलं. "त्याने विषयच काढू दिला नाही," ते म्हणाले. शोभतं तुम्हाला.

तेव्हा आता ऐका. आमचं ठरलंय. दर रविवारी युरीकाका रशियन पुस्तकं वाचून मला इंग्लिशमध्ये समजावणार आणि मी मराठीत बारावी वही लिहिणार. माझं मराठी तुमच्यासारखं नाही, सांभाळून घ्या. नेल्सनलाही सांगितलंय, वह्या टाइप करायला लॅपटॉप तुझा. तो कुरकुरला, पण पहिली वही घेऊन गेला.

अकराव्या वहीतलं एक अक्षरही मी खोडणार नाही. तुम्ही रागवाल, रागवा. तुमचं प्रकरण जसंच्या तसं छापीन आणि त्याच्या खाली खरा शेवट लिहीन, माझ्या नावाने. वसईतल्या एका पोराला कोणीतरी खोटं यान दाखवलं आणि त्याने अर्धा जन्म त्यावर विश्वास ठेवला, हे वाचणाऱ्याला कळलंच पाहिजे. लाज ज्याने ते यान आणवलं त्याला वाटू दे, पप्पा. तुम्हाला नाही.

तुमची हट्टी,
लीना