सात सेकंदांतली मतं

पप्पा,

आधी काय घडलं ते क्रमाने लिहिते, म्हणजे मला सारवासारव करता येणार नाही.

१. यंदा वस्तीतलं मतदान मी फोनवर घेतलं. मडकं बंद केलं.
२. पर्याय दोन होते. मळणी यंत्र, किंवा सीताफळाचा गर काढून साठवायची खोली.
३. मळणी यंत्र जिंकलं.
४. बायकांची बरीच मतं बायकांनी दिलेलीच नाहीत.
५. हे इथे मुकुंदवाडीत, आपल्या मंडळीत, कुणाला माहीत नाही. रविवारी बैठक आहे. सोमवारी यंत्राची ऑर्डर जाईल.

तुम्ही गेल्याला बारा वर्षं झाली, पण तुमची मंडळी अजून जमते. चिकलठाण्याच्या कंपनीतले तुमचे सोबती, गल्लीतली घरं, शिलाईवाले चाचा. प्रत्येक जण वर्षातल्या एका दिवसाची कमाई टाकतो आणि ती पिशोरच्या पुढे डोंगरातल्या भिल्ल वस्तीला जाते. नियम तुमचाच आहे: देणाऱ्याने द्यावं, काय करायचं ते वस्तीने ठरवावं. शाळेच्या खोलीत मडकं ठेवलेलं. प्रत्येकाला एक चिंचोका आणि एक मक्याचा दाणा, दोन पर्यायांचे दोन. एकेकाने आत जायचं, एक मडक्यात टाकायचा, उरलेला मुठीत झाकून बाहेर आणायचा आणि रानात फेकायचा. बायका आधी, कारण पुरुष आधी जाऊन आले की बाहेर येऊन सांगत बसतात.

मी नऊ वर्षांची असताना तुम्ही मला तिथे नेलं होतं. मी खिडकीला लटकून आत बघते आहे. एक म्हातारी मडक्यात हात घालते आणि मी ओरडते, "आजीने चिंचोका टाकला!" तुम्ही उठता, मडकं जमिनीवर पालथं करता आणि म्हणता, पुन्हा पहिल्यापासून. अर्धी वस्ती घरी गेलेली असते. एक माणूस म्हणतो, "राहू द्या ना साहेब, पोरीनं पाह्यलं तर काय झालं? आमची म्हातारी आधीच गावभर सांगून आलीय!" सगळे हसतात. तुम्हीही हसता, पण दाणे वेचता. परतीच्या बसमध्ये तुम्ही माझ्याशी एकच वाक्य बोललात. "तिने कुणाला सांगायचं ते तिने ठरवावं, तू नाही." मी रागाने शेंगदाण्याची पुडी तशीच तुमच्या मांडीवर ठेवली. मला तेव्हा वाटलं, एवढ्याशा गोष्टीसाठी माणसांना दोन तास ताटकळत ठेवणं हे काही शहाणपणाचं नाही.

तेच अजून डोक्यात असणार. दोन तासांचं काम दहा मिनिटांत व्हावं म्हणून मी फोनवरचं मतदान तयार केलं. घरात एकच फोन असतो हे मला माहीत होतं, म्हणून एका नंबरवरून चार नावांची मतं चालतील अशी सोय मीच केली. निकाल लागला तेव्हा चाचांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "क्या चीज बनाई बेटी! पप्पा रैते तो खुश हो जाते." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

गेल्या आठवड्यात यंत्र ठेवायच्या जागेचं माप घ्यायला मी वस्तीत गेले. सीताफळाच्या पाट्या बाजारात नेणारी मावशी ओट्यावर बसली होती. गर काढायच्या खोलीचं तिनेच सुचवलं होतं. मी विचारलं, "मावशी, मत दिलं ना?"

"व्हय, दिलं म्हणं."

"म्हणं म्हणजे?"

"मालकानं दिलं. फोन त्याच्याजवळ. मला म्हनला, तुहं बी झालं, सुनंचं बी झालं." ती हसली. "तुह्या पप्पाच्या मडक्यात हात तरी आमचा जायचा, बाई."

मी टेप गुंडाळला. माप लिहून घ्यायचं राहिलं.

तेव्हापासून मी एका जागी बसत नाही. ऑफिसात उठते, पाणी पिते, परत येते, स्क्रीनवर काय होतं ते आठवत नाही. मळणी यंत्र काही वाईट नाही, आणि वस्तीतले पुरुषही वाईट नाहीत. त्यांनी फोन हातात होता म्हणून दिलं. पण यंत्र ज्यांना जमीन आहे त्यांच्या कामाचं, आणि तशी घरं थोडी. सीताफळं घराघरांतून निघतात. भाव व्यापारी सांगतो आणि मावशी त्याच भावात पाटी उतरवते, कारण संध्याकाळपर्यंत फळ पिकून फुटतं. खोली झाली असती तर ती एकदा तरी नाही म्हणू शकली असती.

मी ग्रुपवर टाकायला मेसेज लिहिला: तांत्रिक अडचणीमुळे मतदान पुन्हा घ्यावं लागेल. मग पुसला. तांत्रिक अडचण नव्हती. मी सांगितलं तेच प्रणालीने केलं.

आता जे कुणाला सांगितलेलं नाही ते. मला हे मावशीकडून कळलं नाही. निकालाच्याच दिवशी मी नोंदी उघडल्या होत्या. एकाच फोनवरून सासूचं मत, सुनेचं मत, मध्ये अंतर सात सेकंद. सात सेकंदांत फोन एका हातातून दुसऱ्या हातात जातो, पण पर्याय वाचून होत नाहीत. मला ते दिसलं आणि समजलंही. तेवढ्यात चाचांनी चहा आणला, कुणीतरी फोटो काढायला बोलावलं, आणि मी लॅपटॉप मिटला. वस्तीत माप घ्यायला गेले तेही, कुणी काही बोलत नाही ना, हे बघायला.

हे पत्र कुठेही जाणार नाही, ते मला ठाऊक आहे. तरी लिहिते. रविवारी अकरा वाजता बैठक आहे. तिथे मी उभी राहून हे सगळं, नोंदींसकट, माझी चूक म्हणून सांगावं असं मला वाटतं. तुमची हरकत असेल तर शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवा. नाही कळवलंत तर मी बोलणार आहे.