पॅनेलचं इंग्रजी पुस्तक

अण्णा, तुमच्याविषयी मी एक खोटी गोष्ट सांगितली. भर शाळेत, दहावीच्या मुलांसमोर आणि त्यांच्या आईवडिलांसमोर. इतकी रंगवून सांगितली की टाळ्या पडल्या. त्यानंतर जे झालं ते तुमच्याखेरीज दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही.

परभणीला ज्या तंत्रनिकेतनात मी शिकवते, तिथून दरवर्षी आम्हाला गावोगावच्या शाळांत पाठवतात. डिप्लोमा म्हणजे काय, कोणत्या शाखेत काय शिकवतात, पुढे कामं कुठं मिळतात, हे मुलांना समजावून द्यायचं. हल्ली सगळ्यांना कॉम्प्युटर हवं असतं. आमच्या इलेक्ट्रिकलच्या जागा रिकाम्या राहतात, त्यामुळे बोलताना मी थोडी जास्तच गोड बोलते. यंदा गंगाखेडकडच्या एका गावात गेले होते. पहिल्याच बाकावर एक मुलगी होती, वहीत मी बोलेन ते सगळं उतरवून घेत होती. तिने विचारलं, "मॅडम, कारखान्यातल्या मोठ्या मोटारी चालवायचं कोणत्या शाखेत शिकवतात?" मी खूश होऊन सांगायला लागले, तेवढ्यात मागून एक माणूस उठला. अंगावर कारखान्याचा खाकी शर्ट. तो तिचा बाप होता.

"मॅडम, एक इचारू का? मी साखर कारखान्यात इलेक्ट्रिशियन हाय. उभी हयात त्यातच गेली. आता तिथं पडदे बसवलेत, सगळं कॉम्प्युटरवर चालायलंय. आमाला म्हणले, तुमाला जमत न्हाई, तुमी उसाच्या यार्डात जा. तुमी माझ्या लेकीला तेच शिकवायलात. ती माझ्या वयाची होईस्तोवर तिलाबी यार्डातच पाठवतील ना? खरं सांगा."

हेडमास्तर खुर्चीतून अर्धे उठले. मुलगी मान खाली घालून बसली, पेन तसंच वहीवर टेकलेलं. त्या माणसाला द्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं, आणि मग मी तुम्हाला पुढे केलं. म्हणाले, माझे वडील जिंतूरला कापसाच्या जिनिंगमध्ये वायरमन होते. सातवी शिकलेले. तिथंही असंच इलेक्ट्रॉनिक पॅनेल आलं. वडिलांनी पन्नाशीत त्याचं पुस्तक हातात घेतलं, एकेक पान समजून घेतलं आणि शेवटपर्यंत तेच पॅनेल चालवलं. शिकायचं ठरवलं की वय आडवं येत नाही. टाळ्या पडल्या. तो माणूस माझ्याकडे बघत राहिला आणि हळूच खाली बसला. परभणीला येईपर्यंत एसटीत मी खिडकीबाहेर बघत होते, पण कोणतं गाव गेलं ते मला सांगता आलं नसतं.

खोट्याची तुम्हाला किती चीड होती ते मला माहीत आहे. मी आठवीत असताना घरातला टेबलफॅन दुरुस्त करायला बसले होते. तुम्ही विचारलंत, "पिन काढली का?" मी न बघताच हो म्हणाले. तुम्ही माझ्या हातातला पेचकस हिसकावून घेतलात आणि मला स्वयंपाकघरात आईसमोर उभं करून म्हणालात, "हिला इचार, हिनं बघितलं का. हिच्या हातून उद्या माणूस मरंल." त्या दिवशी मी जेवले नाही. तुम्हीही जेवला नाहीत.

आठ दिवसांनी तो माणूस आमच्या तंत्रनिकेतनात आला. मी स्टाफरूममध्ये पेपर तपासते आहे, आणि तो दारात उभा. "तुमच्या वडलांना पन्नाशीत जमलं. मी तर सत्तेचाळीसचाच हाय. इथं सांजचा कोर्स असतो म्हणं, कंट्रोल पॅनेलचा. माझं नाव लिहा." मी नाव लिहिलं. खरं सांगायची ती वेळ होती, आणि मी फक्त नाव लिहिलं.

पहिले दोन दिवस तो सगळ्यांच्या आधी येऊन बसला. तारा, रिले, जोडण्या त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होत्या. तिसऱ्या दिवशी पुस्तक उघडलं आणि त्याचा चेहरा उतरला. सगळं इंग्रजी. वर्ग सुटल्यावर त्याने ते पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं. "हे माझ्या बसचं न्हाई, मॅडम. तुमचे वडील हुशार असतील."

तेव्हा मला राहवलं नाही. मी त्याला बसवलं आणि सगळं सांगितलं. पॅनेल आलं तेव्हा तुम्ही परभणीला ट्रेनिंगला गेला होतात, जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन परत आलात. मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते, सुट्टीला घरी आलेली, घरात इंग्रजी वाचता येणारी मी एकटी. तुम्ही पुस्तक रुमालात गुंडाळून माझ्यासमोर ठेवलंत आणि म्हणालात, "जरा वाचून दाखव ना माय. मराठीत सांग, मंग मी बघतो." माझी ड्रॉइंगची शीट अर्धी राहिली होती. मी मान वर न करता म्हणाले, "अण्णा, तुम्हाला जमायचं नाही हे आता." तुम्ही रुमाल पुन्हा गुंडाळलात. पुस्तक मालकाला परत दिलंत. महिन्याभरात तुम्हाला पॅनेलरूममधून काढून फाटकावर बसवलं, कापसाच्या गाड्यांच्या नोंदी करायला. मरेपर्यंत तुम्ही फाटकावरच होतात. मी सुट्टीला येताना त्या रस्त्याने यायचं टाळत होते.

तो माणूस ऐकत होता. मला वाटलं, उठून जाईल. गेला असता तर मी अडवलं नसतं.

"म्हंजी तुमी आमाला खोटं सांगितलं."

"हो."

"माझ्या लेकीसमोर."

"हो."

त्याने पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "तिला येऊन खरं सांगा. आन् आता हे वाचा. मराठीत."

शाळेत मी त्याच आठवड्यात गेले. हेडमास्तरांना नकोच होतं, तरी वर्गासमोर उभी राहिले आणि सांगितलं की माझ्या वडिलांना शिकता आलं नाही, कारण मला इंग्रजी वाचता येत होतं आणि मी वाचून दाखवलं नाही. आणि हेही सांगितलं की आज मी शिकवते त्यातलं बरंच या मुलांच्या हयातीत बदलेल, त्यांना पुन्हा पुन्हा वर्गात बसावं लागेल. या वेळी टाळ्या नव्हत्या. त्या मुलीने हात वर केला. "मंग नंतर का न्हाई वाचून दाखवलं त्यांना? ते होते की." मी डस्टर उचलून कोरा फळा पुसायला लागले. तरी तिने इलेक्ट्रिकलच घ्यायचं ठरवलंय, असं तिचा बाप सांगत होता. त्याला कारखान्यात परत आत घेतील की नाही, कुणालाच माहीत नाही. तो मात्र रोज येतो, मी वाचते, तो मराठीत लिहून घेतो.

हे पत्र आईला दाखवणार नाही, कुठं ठेवणारही नाही. एकच सांगायचं होतं, म्हणून एवढं लिहीत बसले. त्या पहिल्या संध्याकाळी त्याला वाचून दाखवताना मी घड्याळ बघितलं होतं. एक पान पुरतं समजावून सांगायला वीस मिनिटं लागली, अण्णा. वीसच.