राहिलेली फेरी

प्रिय भिंगरी,

तुझा फोन बंद आहे हे मला माहीत आहे, आणि तो बंद ठेवलास हे उत्तम केलंस. मीही माझा बंद ठेवला असता, पण मग गाडी शिकायला येणारी मंडळी माझ्या नावाने ओरडत दारात उभी राहिली असती. मावशीच्या फोनवर निरोप ठेवावा, तर ती तो आधी स्वतः वाचणार, मग शेजारणीला वाचून दाखवणार, आणि तुझ्यापर्यंत पोचेस्तोवर त्यात तिचे दोन अश्रू आणि एक सल्ला मिसळलेला असणार. म्हणून हे पत्र. पाकीट डिंकाने चिकटवलंय, वर चिकटपट्टीही मारलीय. उघडलेलं दिसलं तर कळव, मावशीशी मी बघून घेते.

आधी इकडच्या बातम्या. माझ्याकडे सध्या एक दातांचे डॉक्टर शिकायला येतात. दिवसभर दुसऱ्याच्या तोंडात बिनदिक्कत हात घालणारा माणूस, पण स्टिअरिंगला हात लावायचा म्हटलं की त्यांना घाम फुटतो. वाटेतल्या खांबांची माफी मागतात गं, खरंच! सिग्नल सुटला की हमखास गाडी बंद पाडतात, मागचे भोंगे वाजवतात, आणि हे मागे वळून त्यांना नमस्कार करतात. परवा गाडी चालू करता करता मला म्हणाले, तुमचीच भाची ना ती, फेऱ्या मोजायला चुकलेली? त्या दिवशी मी तासभर त्यांच्याकडून रिव्हर्सच करून घेतला. जाताना बिचारे मान चोळत गेले.

सगळं गाव तेच बोलतंय, हे तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही. कोपऱ्यावरचा न्हावी म्हणतो, पोरीला शाळेची घंटा वाटली असेल, म्हणून थांबली. त्याचा हा विनोद मी तीन वेगवेगळ्या तोंडांतून ऐकला, आणि प्रत्येकाला तो स्वतःचाच वाटत होता. बुटांच्या दुकानातला तुझा फोटो निघाला, तिथे आता कुणा टेनिसवाल्या पोराचा लागलाय. आणि शाळेच्या फाटकावरचा तो तुझा माणूसभर उंचीचा फलक, 'वाऱ्याची लेक' लिहिलेला? मुख्याध्यापिकाबाईंनी दुसऱ्याच दिवशी उतरवला. शाळेच्या माळ्याने तो नेऊन रोपांच्या कुंड्यांवर सावलीसाठी बांधलाय. तू उलटी टांगलेली आहेस आणि तुझ्या हनुवटीखाली मिरच्यांची रोपं मजेत वाढतायत. मला आधी हसू आलं, मग असा संताप आला म्हणून सांगू! वाऱ्याची लेक म्हणे. तुझा बाप औषधांच्या दुकानात बसतो, त्याला पंख्याचा वारा सोसत नाही, सर्दी होते. ते नाव पेपरवाल्यांनी काढलं आणि आम्ही सगळ्यांनी ते मिरवलं. तुला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं ते चढवलं, शिवाय खाली उभं राहून अजून उंच, अजून उंच म्हणत राहिलो.

तरी एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर तुला वाटेल आत्या आता समजूत घालायला बसली. तू धावतेस तसं धावताना मी दुसऱ्या कुणाला पाहिलेलं नाही. हे खरं आहे, आणि त्या एका दिवसाने त्यात रतीभर फरक पडलेला नाही.

तुला आठवतं का, हे सगळं माझ्या गाडीमुळे सुरू झालं? एवढीशी होतीस. दप्तर माझ्या गाडीत विसरलीस आणि मागून धावत सुटलीस. गाडी चालवत होत्या त्या शिवणकामवाल्या बाई. त्यांचा तो दुसराच दिवस, दुसऱ्या गिअरच्या वर जायची त्यांची हिंमत नव्हती. तू आलीस, खिडकीला टकटक केलीस आणि पुढेही निघून गेलीस! त्या बाई इतक्या खट्टू झाल्या की म्हणाल्या, मला लायसन्सच नको. मी मात्र आरशात पाहत होते. तुझं तोंड हसण्याने भरलेलं होतं. दप्तर मिळालं म्हणून नव्हे, धावायला मिळालं म्हणून.

मग मी तुला पहाटे मैदानावर न्यायला लागले. मी एका कडेला शिकाऊ लोकांना खुंट्यांमधून गाडी काढायला शिकवायची आणि तू धावपट्टीवर. दर फेरीला तू ओरडून विचारायचीस, आत्या किती राहिल्या? माझं लक्ष कुठे असणार, माझ्या पायाखाली लोकांचा जीव! नाकी नऊ आणलेस तू माझ्या. शेवटी तुला ती बोटांची युक्ती दिली. फेरी झाली की डाव्या हाताचं एक बोट मिटायचं, डावी मूठ भरली की उजवा हात धरायचा, आणि शेवटची फेरी लागली की दोन्ही हात मोकळे सोडून पळायचं. तुझ्या सरांनी पुढे ती सवय मोडायचा किती प्रयत्न केला! मूठ मिटली की खांदा आखडतो म्हणायचे. तू त्यांच्यासमोर हो हो म्हणायचीस आणि शर्यतीत बोटं मिटतच राहायचीस. शेवटच्या फेरीच्या घंटेकडे नाही, फेऱ्यांच्या पाटीकडे नाही, तुझा भरवसा तुझ्या हातावर. आणि तो शेवटच्या फेरीला हात सोडायचा क्षण! मी त्याच्यासाठी कठड्याला रेलून उभी राहायचे. त्याआधी तू चांगली धावणारी एक मुलगी असायचीस, त्यानंतर काहीतरी वेगळंच असायचीस.

पुढे लोकांच्या लक्षात आलं, आणि तिथून सगळं बिघडत गेलं. म्हणजे तेव्हा आम्हाला ते बिघडणं वाटत नव्हतं. दादाने, म्हणजे तुझ्या बाबाने, सुताराला बोलावून काचेचं कपाट करून घेतलं. तुझ्याकडे तेव्हा चषक होते ते एका कप्प्यात मावतील एवढे, आणि कपाट भिंतभर. मी त्याला म्हटलंही, अरे बाकीच्या कप्प्यांत काय ठेवणार, औषधं? तो म्हणाला, ते भरायला ती आहे की. तुझ्या अभ्यासाच्या टेबलासमोरच ठेवलं त्याने ते, तुला हुरूप यावा म्हणून. एकदा मी आले तेव्हा तू टेबल उचलून दुसऱ्या भिंतीला लावलं होतंस. उजेड चांगला येतो म्हणालीस. वहिनीला ते पटलं. मला काही उजेड फारसा वेगळा वाटला नाही.

मग ते मोठ्या क्रीडाशाळेचे सर घरी येऊन गेले. बोलणं गोड, बूट चकचकीत. पुढचं सगळं त्यांच्याकडे तयार होतं, तू कोणत्या वर्षी कुठे धावणार, काय खाणार, घरी कधी येणार. घरी यायचं प्रकरण फारच थोडक्यात होतं. दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. वहिनी चहा गाळायला म्हणून आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. तुला कुणी काही विचारलं नाही. खरं तर विचारलं, पण ते असं, की खूश ना? त्या प्रश्नाला एकच उत्तर असतं, ते तू दिलंस.

शर्यतीच्या आदल्या आठवड्यात मी तुला घरी सोडत होते. तू शेजारच्या सीटवर पाय वर घेऊन बसली होतीस. एकदम म्हणालीस, आत्या, शिकवताना इथे बसून तू हा जादा ब्रेक कधी दाबतेस? मी आपलं माझ्या धंद्यातलं उत्तर दिलं. म्हटलं, शिकणाऱ्याला थांबायचं कळत नाही तेव्हा. तू म्हणालीस, आणि त्याला कळत असलं, पण त्याचा पाय पोचत नसला तर? मी म्हटलं, मग सीट पुढे घ्यायची. आपण दोघी हसलो. तुझं घर आलं, तू उतरलीस, दार नेहमीसारखं आपटलं नाहीस, हळूच लावलंस.

आता शर्यत. तिच्याबद्दल तुला काही सांगायची गरज नाही, पण मी कुठे होते ते सांगते. दादा आणि वहिनी वर मंडपात होते, क्रीडाशाळेच्या सरांच्या शेजारी. मला तिथे गुदमरल्यासारखं होतं, म्हणून मी खाली, वळणाच्या कठड्याशी, तुझ्यापासून हाकेच्या अंतरावर. तू सगळ्यांच्या इतकी पुढे होतीस की मागच्या मुली वेगळीच शर्यत धावतायत असं वाटावं. डावी मूठ भरली, मग उजव्याचं एक बोट आत गेलं. घंटा वाजली. मी हात सुटायची वाट बघत होते. तू रेषा ओलांडलीस, थांबलीस, आणि दोन्ही हात वर करून जिंकल्यासारखी हसलीस. माणसं ओरडत होती, अजून एक, अजून एक! तू कानाला हात लावून ऐकू येत नाही असं दाखवत होतीस. मग मागच्या मुली एकेक करून तुझ्या शेजारून गेल्या. सगळ्यांचा जीव हळहळला. दादा तर खालीच बसला.

तेव्हापासून घरात एकच पारायण चालू आहे. घंटा म्हणजे संपलं असं तिला वाटलं, एवढ्या गोंगाटात कुणाचंही होईल, वयच ते काय! सरांनी मोठं मन दाखवलंय, म्हणाले, पाय आमच्याकडे असे कुणाचे नाहीत, मोजायला आम्ही शिकवू. रविवारी ते परत येणार आहेत. दादा तुला शनिवारी मावशीकडून घेऊन येणार होता. सगळं ठरलंय. तुझी चूक सगळ्यांनी माफ करून टाकलीय.

भिंगरी, ते तुझे वर गेलेले हात मी पाहिले. वर्तमानपत्रातल्या फोटोतही आहेत, पण तिथे बघणाऱ्याला ते जिंकल्याचे हात वाटतात. डावी मूठ घट्ट मिटलेली होती. उजव्या हाताचंही ते बोट आत होतं, हात सुटलेच नव्हते. एक फेरी राहिलीय हे त्या मैदानावर तुझ्याइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं.

अगं, सबंध आयुष्य मी बंद पडलेल्या गाड्यांमध्ये बसून काढलंय. बंद पडलेली गाडी गचका देते, शिकणारा दचकतो, पुढे आपटतो. तू तर गोगलगायीच्या पाठीवरून उतरावं तशी हळूच थांबलीस. बंद पडलेली गाडी आणि थांबवलेली गाडी यातला फरक मला कळणार नाही तर कुणाला कळणार? पाय पोचत नव्हता ना तुझा, तरी पोचवलास. मला राग आलेला नाही. खरं सांगू, मी कठड्याशी उभी राहून रडले, पण मला तुझा अभिमानच वाटत होता. एवढ्या लोकांच्या ओरड्यात आपल्याला हवं तिथे थांबणं येरागबाळ्याचं काम नाही.

मी हे कुणालाही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. ते सांगायचं की नाही हे तुझं तू ठरव. पण हे पत्र मी लिहितेय ते एवढ्याचसाठी, की रविवारच्या आत तुला एक गोष्ट कळावी. थांबायला चूक करावी लागत नाही. नाही म्हटलं तरी थांबता येतं. दादा चिडेल, दोन दिवस जेवणार नाही, मग जेवेल. माझा भाऊ आहे, मला त्याची भूक माहीत आहे. कपाटात पुस्तकं छान राहतील. आणि तुला जायचंच असेल त्या शाळेत, तर तेही मोठ्याने सांग, पण खूश ना या प्रश्नाचं उत्तर म्हणून नको. दोन्हीपैकी काहीही म्हणालीस तरी मी तुझ्या शेजारच्या खुर्चीत असेन, आणि माझ्या पायाखाली कुठलाही ब्रेक नसेल.

शनिवारी तुला घ्यायला दादा येणार नाही, मी येतेय. त्याच्याशी भांडून तेवढं कबूल करून घेतलंय. घरी जायच्या आधी आपण मैदानावरून जाऊ. तिथे त्या वेळी चिटपाखरू नसतं. तुझी एक फेरी तिथे पडून आहे, ती मंडपातल्या कुणाचीच नव्हे, तुझी आहे. धावलीस तर मी कठड्याला रेलून उभी राहते, घड्याळ गाडीत ठेवून. चालावंसं वाटलं तर बरोबर चालते, माझे गुडघे कुरकुरतील तेवढे ऐकून घे. आणि नुसतंच बसावंसं वाटलं तर दातांच्या डॉक्टरांची नक्कल करून दाखवते. कसंही कर, फक्त हात मोकळे सोड. मला ते पुन्हा बघायचेत.

तुझीच,
खिडकीवर टकटक ऐकायला टपून बसलेली
आत्या