चोकेकिरावला पोचण्याआधी सांगेन

२ जून, लिमा
ठरलं. सांता रोसालिया कॉन्व्हेंटच्या आमच्या बॅचला पन्नास वर्षं झाली, म्हणून आम्ही पाचजणी डोंगरातल्या चोकेकिरावच्या प्राचीन अवशेषांना चालत जाणार. जाऊन-येऊन चार दिवस. आगगाडीनं जाता येतं ते अवशेष पर्यटकांसाठी. आम्ही कुस्कोच्या मुली. झोइलानं ग्रुपवर विचारलं, खेचरं किती सांगू? मी लिहिलं, सामानाला दोन, माणसांना शून्य. मी रोज समुद्रकाठी अर्धा तास चालते. गेल्या महिन्यात चारदा चालले.

३ जून
आमच्यातल्या पाचवीचं नाव नेली. पन्नास वर्षांत ती एकाही भेटीला आलेली नाही. या वेळी झोइलानंच बोलावलं. म्हणाली, सोळा वर्षांची होती गं, झालं गेलं.
एकदा लिहून टाकते. शेवटच्या वर्षी आमची किल्याबाम्बाच्या जंगलात सहल ठरली होती. त्याच ट्रकमधून मुलांच्या शाळेतले पाचजण गुपचूप येणार होते. कुणीतरी ते मुख्य नन माद्रे आसुन्ताला सांगितलं. सहल रद्द. नेली त्या दुपारी माद्रेच्या खोलीबाहेर दिसली होती, म्हणून सगळा वर्ग तिच्याशी बोलेनासा झाला.
सांगितलं होतं मी. माद्रेनं सहज विचारलं, मी सहज उत्तर दिलं. मी मॉनिटर होते, खोटं कसं बोलणार? पुढे नेलीचं नाव आलं तेव्हा मी गप्प बसले. पण गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे.
निश्चय: चोकेकिरावला पोचण्याआधी नेलीला सांगेन. मग सगळ्यांना.

९ जून, कुस्को
कुस्कोत जन्मलेल्या माणसाला उंची लागत नाही. विमानतळावर खाली बसले ती उन्हानं. हॉटेलवाल्यांनी ऑक्सिजन लावला. तो ते सगळ्यांनाच लावत असावेत.
संध्याकाळी नेली आली. केस पांढरे, आखूड कापलेले. आबान्कायला पस्तीस वर्षं नर्स होती. गालाला गाल लावला आणि लगेच माझी नाडी धरली. म्हणाली, कोकाच्या पानांचा चहा घे आणि अजिबात बोलू नकोस.
बोलू नकोस म्हटल्यावर सांगणार कसं?

११ जून, सकाळी ७
वाट सुरू. खेचरवाले डॉन सातुर्निनो यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तिसरं खेचर सोबत घेतलं, रिकामं, खोगीर घातलेलं. मी म्हटलं, गरज नाही. म्हणाले, “असू दे माय, तेवढंच त्याला फिरणं होईल.”

११ जून, दुपारी ४, चिकिस्का
दिवसभर उतार. उतार मला चांगला जमतो, गुडघ्यांना जमत नाही. नेली पूर्ण वेळ माझ्या बाजूनं चालली. उत्तम संधी होती. पण मागे हिल्दा आणि एदित होत्या. त्या शाळेपासून फक्त एकमेकींशी बोलतात, पण ऐकतात सगळ्यांचं. शिवाय बारीक माश्या चावत होत्या. खाजवत खाजवत अशी गोष्ट सांगणं शोभत नाही. नेलीनं माझ्या घोट्यांना लिंबू चोळलं.

१२ जून, सकाळी ६, आपुरिमाक नदीचा पूल
आता चढ. पहिल्या वळणावर सांगेन.

८.३०
पहिलं वळण. श्वास नाही.

११.००
खेचरावर. डॉन सातुर्निनो म्हणाले, चढावर रिकामं जनावर बिथरतं, वर थोडं वजन हवं. मदत म्हणून बसले. झोइला ओरडली, “मॉनिटरबाई, घोडदळात बढती का गं?”
खेचरावर बसलं की विचार येतात. शाळेत नेली माझ्याच बाकावर बसायची. थंडीत तिची लोकरी शाल आम्हा दोघींच्या गुडघ्यांवर असायची, आणि प्रार्थनेच्या वेळी ती खालून माझ्या हातात भाजलेले मक्याचे दाणे सरकवायची. सहल रद्द झाली त्या ऑगस्टपासून वर्ष संपेपर्यंत ती शेवटच्या बाकावर बसली. एकटी. शाल ती घेऊन गेली होती, साहजिकच. तिचीच होती.

१३ जून, चोकेकिराव
पोचलो. ढग अंगावरून जात होते. भिंतींवर पांढऱ्या दगडांनी रचलेले लामा प्राणी बघायला झोइला, हिल्दा, एदित शेकडो पायऱ्या उतरून गेल्या. मी वरून बघायचं ठरवलं. वरून जास्त चांगले दिसत असणार. नेली माझ्यासाठी थांबली.
सांगितलं. वीस मिनिटं लागली, कारण त्या काळाची शिस्त, माद्रेचा स्वभाव, मॉनिटरची जबाबदारी, हे सगळं आधी समजावणं भाग होतं. नेली उकडलेला मका खात होती. संपवला, हात पुसले.
“मला माहीत आहे, लुसिला. मी दाराबाहेर होते. माद्रेनं तुला काही विचारलं नव्हतं. तू दार वाजवून आत गेलीस.”
मी विचारलं, मग तू कुणाला बोलली का नाहीस?
“कोण ऐकणार होतं? आणि मला वाटलं, तू सांगशील. दोन-तीन दिवसांत सांगशील.”
तिनं खाली बोट दाखवलं. तिघी मुंग्यांएवढ्या दिसत होत्या.
“मला सांगून काय होणार? मला ठाऊकच होतं. त्यांना सांग.”
मन एकदम हलकं झालं. अर्धं काम तर झालंच.

१४ जून
परतीची वाट, खेचरावर. झोइला सतत पुढे. धावत जाऊन सांगण्यासारखी गोष्ट नाही. कुस्कोत निरोपाचं जेवण आहे. तिथे सगळ्या बसलेल्या असतील. उभं राहून, नीट शब्दांत सांगेन. दोन वाक्यं पाठ केली.

१६ जून, कुस्को
जेवण छान. दोन्ही वाक्यं येत होती. उभी राहिले, ग्लासवर चमचा वाजवला. सगळ्या गप्प झाल्या. नेलीनं काटा खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.
म्हटलं, “मैत्रिणींनो, पन्नास वर्षं एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे.”
झोइला म्हणाली, “सांग गं पटकन, मटण गार होतंय.”
मी म्हटलं, “आपण सगळ्याजणी अजून अगदी तशाच आहोत.”
टाळ्या पडल्या. नेलीनंही वाजवल्या. मग रुमालाची घडी घातली, तीनची बस आहे म्हणाली, प्रत्येकीच्या गालाला गाल लावला, माझ्याही, आणि निघाली.
दार लागल्यावर झोइला हळूच म्हणाली, “फार बोलत नाही बिचारी. केलेलं अजून मनाला खात असेल.”
मी म्हटलं, असेल.