माहीत असलेलं एकच नाव

रत्नागिरी,
शनिवार, १ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस,
वेदिकाचा साष्टांग नमस्कार.

तिकडे नाटे गावी सगळी बरी असाल. आंब्याच्या कलमांवर यंदा तुडतुडा फार आहे असं मामी म्हणाली. फवारणी गड्याकडून करून घ्या, स्वतः शिडीवर चढू नका. ऐकणार नाही, तरी लिहिते. माझं बरं चाललंय. खोकला गेला.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "कॉलेजात तुझा वर्ग हल्ली शांत असतो म्हणे, संस्थेचे अध्यक्ष स्वतः कौतुक करत होते." मी "हो" म्हटलं आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला. कुकर लावलाच नव्हता.

दिवाळीनंतर दुसऱ्या वर्षाच्या वर्गात मी फळ्याकडे वळले की मागून कुणाच्या तरी मोबाइलवर कोंबडा आरवायचा. शहाण्णव मुलं, नुसता हशा. ओरडले, विनवलं, एकदा सगळ्यांसमोर रडूही आलं, ते तुम्हाला सांगितलं नव्हतं. शेवटी प्राचार्यांकडे गेले. ते म्हणाले, "मॅडम, एक नाव लिहून द्या. एकावर कारवाई झाली की बाकीचे गप्प बसतात. वर्गच सांभाळता येत नसेल तर जूनमध्ये तुम्हाला कंत्राटावर परत कसं घ्यायचं?"

नाव कुठून आणू? आम्ही हजेरी नंबरांनी घेतो. मागच्या बाकांवरच्या एकाच मुलाचं नाव मला ठाऊक होतं. स्वरूप. देवरूखच्या बाजूचा, वसतिगृहात राहणारा, उंच म्हणून मागे बसणारा. तास संपल्यावर अडलेलं विचारायला तो एकटाच यायचा, म्हणून ठाऊक. मी ते लिहून दिलं.

रागाच्या भरात लिहिलं, असं म्हणणार होते. खोटं आहे ते. चांगली दहा मिनिटं पेन हातात धरून बसले होते, मग लिहिलं.

कॉलेजच्या शिस्त समितीपुढे तो एवढंच म्हणाला, "मी नाही केलं." आणि माझ्याकडे बघत राहिला. मी हजेरीपट चाळत बसले. आता सोमवारी अकराला संस्थेची बैठक आहे. त्याला वर्षभरासाठी काढायचं घाटतंय. वडील मुंबईत असतात, ते म्हणतात शिक्षण पुरे, इकडे कामाला ये.

काल त्याची आई आली होती. वाटलं, भांडेल. तिनं हात जोडले. "मॅडम, तुमी लिवलात म्हंजे केला असंल त्यानं. पन येक डाव माफ करा." मामा, पोटच्या पोरापेक्षा तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला.

कोंबडा थांबलाय, हे खरं. कुणी खोकतसुद्धा नाही. पण आज पुढच्या बाकावरच्या मुलीला सहज नाव विचारलं, तर ती उभी राहून म्हणाली, "बावन्न, मॅडम." अगं, नाव काय तुझं? मान खाली घालून परत, "बावन्न."

सोमवारी साडेदहाला मी लेखी देणार आहे, की आवाज कुणी केला ते मी पाहिलं नव्हतं, स्वरूपचं नाव खोटं दिलं. नोकरी जाईल. गेली तर गेली म्हणण्याइतकी मी धीट नाही, फार भीती वाटते. त्याहून वाईट वाटतं ते तुमचं. जन्मात कुणापुढे शब्द टाकला नाहीत, तो अध्यक्षांकडे माझ्यासाठी टाकलात.

फोन केला असता तर तुम्ही म्हणाला असता, "थोडं थांब, मी बोलतो त्यांच्याशी." आणि मी थांबले असते. मला माहितीय मी कशी आहे. म्हणून पोस्टाने पाठवतेय. मंगळवारच्या आधी हे काही तुमच्या हाती पडत नाही, आणि मंगळवारी मला थांबवून उपयोग नसेल.

तुमचा शब्द घालवणारी, तरी तुमचीच,
वेदिका