समीक्षाची नऊ रिजेक्ट चित्रं

आदरणीय सिंधुताई,

कॅम्प-१ वसाहतीमधून तुझ्या भय्याजीचा मनापासून जयभीम. गुडघ्याला तेल चोळतेस ना? (चोळत नसशील. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.)

तुझी भाची समीक्षा नववीत गेली आणि तिच्या चित्रांपायी घरात मोठा घोळ झाला. खरं म्हणजे घोळ मीच घातला. इथून जवळच, कोहक्यात, रश्मी मॅडम दर रविवारी चित्रकलेत हुशार असलेल्या शाळकरी मुलांना शिकवतात. जागा सहाच. निवडीसाठी त्यांनी माणसं समोर पाहून काढलेली दहा चित्रं मागितली होती. पोरीने महिनाभर आम्हाला सुखाने जगू दिलं नाही. (रीना पोळी उलटायला गेली की ही म्हणायची, आई, हलू नको. पोळी थांबते होय?) शेवटी दहा चित्रं झाली आणि ती शाळेत गेली असताना माझ्या हाती पडली. आता मी अठ्ठावीस वर्षं स्टील प्लांटमध्ये रेल्वेचे रूळ तपासतो. समोर आलं की मोजायचं, खोट दिसली की खूण करायची, खाली सही, तारीख, शिफ्ट. माझा हात थांबला नाही. रीनाचा डावा खांदा उजव्यापेक्षा बारा मिलिमीटर खाली, रिजेक्ट. माझं पोट मापाबाहेर, रिजेक्ट. अशी नऊ चित्रं मी लाल पेन्सिलने बाद केली. शेजारच्या श्यामरावांचं तेवढं पास केलं, कारण त्यातली एकही रेषा वाकडी नव्हती.

पोरगी रडली असती तर परवडलं असतं. ती दोन दिवस माझ्याशी बोललीच नाही. रविवारी मीच तिला स्कूटरवर बसवून कोहक्याला नेलं आणि मॅडमना सांगितलं की गुन्हा माझा आहे, पोरीची जागा घालवू नका. मॅडमनी एकेक चित्र माझ्या सह्यांसकट पाहिलं, मग श्यामरावांचं बाजूला काढलं. ते म्हणे समीक्षाने कंटाळून फोटोवरून, पट्टी लावून काढलं होतं. मॅडम म्हणाल्या, “भाऊ, हा पास माल तुमी घरी घेऊन जा. रिजेक्टवाला मले द्या.”

जागा मिळाली. त्या दिवशी ती चित्रं मी पहिल्यांदा नीट पाहिली. रीनाचा डावा खांदा खरंच खाली आहे, ताई. वीस वर्षं त्याच हाताने पाण्याच्या बादल्या उचलते. मला कधी दिसलं नाही, चौदा वर्षांच्या पोरीला दिसलं. मला तिचा फार अभिमान वाटतो, आणि थोडी भीतीही.

तुझा धाकटा,
भय्याजी

ता. क. मे महिन्यात मॅडम या मुलांना पंधरा दिवस नागपूरला शिकवणार आहेत. समीक्षा तुझ्याकडे राहील का? काहीही वाढ, खाते. फक्त माणसाकडे टक लावून बघते, त्याचं वाईट मानू नकोस.

आणखी एक. तिच्या वहीत तुझंही चित्र सापडलं. गेल्या महिन्यात तू आली होतीस, तेव्हाचं. तू चारही दिवस मजेत आहे म्हणत होतीस आणि मी मान डोलवत होतो. चित्रातली बाई मजेत नाही. भाऊजी गेल्यापासून तू वेळेवर जेवतेस का, हे विचारायला मला पोरीचं चित्र लागलं, याची लाज वाटते. मी मेपर्यंत थांबत नाही. शनिवारच्या गाडीने येतो आहे, स्वयंपाक दोघांचा कर.