तुझ्यासाठी आलेला फोन

प्रिय गुलनाज,

हे पत्र मी टाकणार न्हाई, म्हणून खरं लिहून राहिले. हट्टा गावातल्या फुटबॉल मॅचनंतर पुण्याच्या क्लबचा एजंट तुलाच शोधत होता. तुझ्याकडं फोन नव्हता, म्हणून त्यानं मला लावला. मी म्हणाले, "तिचं लग्न ठरलंय, ती आता खेळणार न्हाई." साफ खोटं बोलले. गोल तू मारायचीस अन् लोक मला 'गुलनाजच्या टीममधली' म्हणायचे, ते मला सोसत नव्हतं.

"मग तुमीच या," तो म्हणाला.

मी निघाले, तेव्हा स्टँडवर तू मिठी मारून रडलीस.

काल कोचमॅडमनं विचारलं, "एक स्ट्रायकर कमी पडतेय. तुमच्याकडं कोणी आहे का?"

तुझं नाव अगदी ओठावर आलं.

मी म्हणाले, "कोणी न्हाई."

पुण्याहून,
प्रतिक्षा